लेकी बोले, सुने लागे : रशिया-चीनचं भांडण जगाच्या पेपरांनी कसं वाचलं

  मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर सांभाळून घ्या, आमचा स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली खोली.

मागच्या भागात आपण भिलई पोलाद कारखान्याच्या उभारणीबद्दल बोललो. तो भाग ऐकून नागपूरच्या एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला विचारलं, "१९६२ साली चीननं आपल्यावर हल्ला केला, तेव्हा तुमच्याकडे रशियन इंजिनिअर होतेच ना? मग रशिया आणि चीन तर एकाच पंथाचे. लोकांना तेव्हा काय वाटलं? आणि या दोघांचं फाटलंय हे जगाला कळलं तरी कधी?" प्रश्न इतका चांगला होता की ठरलेला विषय मी बाजूला ठेवला.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. हो, होते. आणि त्या युद्धामुळे त्यांना भिलईतून परत बोलावलं गेलं नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र लांबलचक आहे, कारण ते भांडण कोणी जाहीर केलंच नव्हतं. ते पेपरांत शोधावं लागलं. आणि शोधणाऱ्यांना जे पुरावे सापडले त्यांत आपल्या भारताचा, आणि जरासा आपल्या भिलईचाही, वाटा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. भिलईचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती आपल्याकडे बघतच राहतात. दहा लाख टनांचा कारखाना, सोव्हिएत कर्ज, व्याज अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्याच काळात राउरकेल्यात जर्मन आणि दुर्गापूरला ब्रिटिश मदतीनं कारखाने उभे राहत होते, त्यामुळे परदेशी पत्रकारांना या तिघांची शर्यत हा आयता विषय मिळाला होता. रशियन पुढे की जर्मन पुढे, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण त्यांतल्या बहुतेकांनी एक तुलना केली नाही. भिलईत भट्टी उभी राहत होती तेव्हा चीनमध्ये वुहान आणि बाओतो इथंही सोव्हिएत मदतीनं पोलाद कारखाने उभे राहत होते. एकच उस्ताद दोन शागिर्दांना शिकवत होता. एक शागिर्द त्याच्या पंथातला, दुसरा पंथाबाहेरचा. आणि पंथाबाहेरच्याचे लाड होतायत असं पंथातल्याला वाटायला लागलं, तर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

आता १९५९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरकडे या. २५ ऑगस्टला ईशान्य सीमेवर लाँगजू इथं भारतीय आणि चिनी सैनिकांत गोळीबार झाला. जगभरच्या पेपरांत ती बातमी गाजली. सगळ्यांना उत्सुकता होती ती मॉस्को काय बोलणार याची. साम्यवादी जगाचा तोवरचा शिरस्ता सरळ होता : आपल्या माणसाचं भांडण झालं तर चूक समोरच्याची. आणि ९ सप्टेंबरला 'तास' या सोव्हिएत वृत्तसंस्थेनं एक निवेदन काढलं. त्यात चीनशी आमची बंधुत्वाची मैत्री आहे असं म्हटलं होतं, आणि भारताशीही आमचे स्नेहाचे संबंध आहेत असंही म्हटलं होतं. घडलं ते खेदजनक आहे, दोन्ही सरकारांनी गैरसमज मिटवावेत, असं म्हणून निवेदन संपलं. शिवाय एक टोमणा होता : पाश्चात्त्य देशांतली काही राजकीय मंडळी आणि त्यांचे पेपर हे प्रकरण मुद्दाम पेटवतायत, कारण त्यांना क्रुश्चेव्हच्या अमेरिका दौऱ्यात विघ्न आणायचंय.

गंमत बघा. ज्या पेपरांना शिव्या दिल्या त्यांनीच ते निवेदन भिंग लावून वाचलं, आणि त्यांना दिसलं की यात एक वाक्य नाहीये. चीन बरोबर आहे, हे वाक्य. घरातल्या भांडणात मोठा भाऊ "दोघंही शांत व्हा" म्हणाला, तर धाकट्याला ते किती झोंबतं! नेहरूंना अर्थातच ते आवडलं, संसदेत त्यांनी त्या समतोल भूमिकेची दखल घेतली. आणि त्याच आठवड्यात मॉस्कोनं भारताच्या तिसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी दीड अब्ज रूबलचं, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेसदतीस कोटी डॉलरचं, नवं कर्ज जाहीर केलं. भिलईचा विस्तारही त्यातलाच.

पेकिंगला हे किती लागलं ते चार वर्षांनी कळलं. २ नोव्हेंबर १९६३ च्या 'पीपल्स डेली'त, म्हणजे चिनी पक्षाच्या मुख्य दैनिकात, एक लांब लेख आला. सोव्हिएत नेत्यांनी भारताशी हातमिळवणी करून चीनला कसा विरोध केला, असा त्याचा मथळाच होता. हे निवेदन काढू नका असं आम्ही आधी सांगितलं होतं, तरी मॉस्कोनं ते काढलं, असा हिशेब त्यात मांडलेला होता. भारताला दिलेली मदतही त्याच खात्यात. म्हणजे आमच्या गावात जे मैत्रीचं प्रतीक म्हणून शाळेच्या निबंधात लिहिलं जायचं, ते पेकिंगच्या पेपरात आरोपपत्रात होतं. मला स्वतःला वाटतं की चिनी पेपर त्यात पूर्ण चुकीचा नव्हता. मॉस्को धर्मादाय करत नव्हतं, दिल्लीत आपलं वजन वाढवत होतं. फक्त लेखात एक गोष्ट सोयीस्कर गाळली जायची : १९५० साली चीनला दिलेलं तीस कोटी डॉलरचं सोव्हिएत कर्ज एक टक्का व्याजानं होतं. आपल्याला अडीच टक्के. लाडका कोण होता ते व्याजाच्या दरावरून ठरवायचं तर उत्तर वेगळं येतं.

पण मी पुढे पळालो. १९५९ मध्ये यातलं काहीच बाहेर आलेलं नव्हतं. तेव्हा परदेशी पत्रकार बातमी मिळवणार तरी कुठून? अमेरिकन पत्रकारांना चीनमध्ये प्रवेश नव्हता. रॉयटर, एएफपी आणि कॅनडाच्या 'ग्लोब अँड मेल'चे मोजके लोक पेकिंगमध्ये होते, त्यांनाही कोण काय सांगणार? उरलेले हाँगकाँगमध्ये बसून चिनी पेपर वाचायचे आणि रेडिओ ऐकायचे. मॉस्कोत सेन्सॉर होता. म्हणून मग एक वेगळीच विद्या तयार झाली. तिला मी लग्नपत्रिका वाचण्याची विद्या म्हणतो. आपल्याकडे पत्रिका आली की मोठी माणसं आधी मुहूर्त बघत नाहीत, खालची नावं बघतात. थोरल्या काकांचं नाव आहे का? धाकट्यांच्या खाली तर नाही ना? मामांना वगळलं का? तसंच हे लोक बघायचे : वर्धापनदिनाच्या शुभेच्छांत कोणाचं नाव कितवं, "बंधुत्वाची" हे विशेषण गेल्या वर्षी होतं ते यंदा गळलं का, एखादं भाषण 'प्रावदा'नं पूर्ण छापलं की गोषवारा दिला.

इंग्लंडमध्ये या विद्येचे दोन मोठे जाणकार होते. 'गार्डियन'मध्ये व्हिक्टर झोर्झा आणि 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड क्रँकशॉ. झोर्झाचं काम मला फार आवडतं, कारण त्याच्याकडे गुप्त काहीच नव्हतं. जे पेपर कोणीही विकत घेऊ शकत होतं तेच तो वाचायचा, फक्त सगळे वाचायचा आणि कंटाळा न करता वाचायचा.

एप्रिल १९६० मध्ये चिनी पक्षाच्या 'रेड फ्लॅग' नियतकालिकात लेनिनच्या नव्वदाव्या जयंतीनिमित्त एक भला मोठा लेख आला. त्यात क्रुश्चेव्हवर एक अक्षर नव्हतं. शिव्या होत्या त्या युगोस्लाव्हियाच्या टिटोला. युद्ध टाळता येतं म्हणणारे, भांडवलशाहीशी जुळवून घेणारे, क्रांती विसरलेले, असा सगळा अहेर टिटोच्या नावानं. पण त्या वेळी शांततामय सहजीवनाचं सर्वांत मोठं दुकान मांडून कोण बसलं होतं? क्रुश्चेव्ह. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. लेकी बोले, सुने लागे! आणि मग सासूनंही तेच केलं. मॉस्कोनं चीनचं नाव न घेता अल्बेनियावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. एवढासा अल्बेनिया, त्याला रोज एवढा मार कशासाठी? ऑक्टोबर १९६१ च्या सोव्हिएत पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनात क्रुश्चेव्हनं अल्बेनियाला उघड झोडपलं, तेव्हा पाहुणे म्हणून आलेले चाऊ एन-लाय स्टॅलिनच्या समाधीवर पुष्पचक्र वाहून अधिवेशन संपायच्या आत मायदेशी निघून गेले. पेकिंगच्या विमानतळावर त्यांचं स्वागत करायला खुद्द माओ आले होते. माओ विमानतळावर! या एका बातमीनं विद्या जाणणाऱ्यांचं काम झालं.

मधल्या काळातली सर्वांत मोठी घटना पेपरांना जवळजवळ दिसलीच नाही. १६ जुलै १९६० ला मॉस्कोनं चीनला कळवलं की आम्ही आमचे सगळे तज्ज्ञ परत बोलावतोय. चिनी हिशेबानं १,३९० तज्ज्ञ महिन्या-दीड महिन्यात निघून गेले, ३४३ करार रद्द झाले, २५७ वैज्ञानिक-तांत्रिक प्रकल्प बंद पडले. अर्धवट बांधलेले कारखाने तसेच राहिले, आणि चीन तेव्हा भयंकर दुष्काळातून जात होता. याच क्रुश्चेव्हनं त्याच वर्षी फेब्रुवारीत भारत दौऱ्यात भिलईला भेट दिली होती. भिलईचे पहिले सोव्हिएत मुख्य अभियंता व्हेनियामिन दिमशित्स पुढे १९६२ मध्ये सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. म्हणजे भिलईत काम केल्यानं बढती मिळत होती, आणि वुहानला काम करणाऱ्याला सामान बांधायचा हुकूम येत होता. माझे वडील कारखान्यात होते. ते सांगायचे की रशियन माणसं कामाबद्दल तासन्‌तास बोलत, पण राजकारण निघालं की एकदम हिंदी विसरत.

फेब्रुवारी १९६१ मध्ये क्रँकशॉनं 'ऑब्झर्व्हर'मध्ये स्फोट केला. १९६० च्या जूनमध्ये बुखारेस्टला आणि नोव्हेंबरमध्ये मॉस्कोत ८१ कम्युनिस्ट पक्षांच्या बैठकीत बंद दारांआड काय झालं, कोण कोणावर कसं तुटून पडलं, याचा तपशील त्यानं छापला. मॉस्कोच्या बैठकीनंतर जगापुढे एकमुखी जाहीरनामा ठेवला गेला होता, आणि पुष्कळ पेपरांनी तो जसाच्या तसा "एकजूट" म्हणून छापला होता. त्यांची बरीच पंचाईत झाली.

तरीही विश्वास न ठेवणारे होतेच. आणि हे लोक कमी हुशार होते असं समजू नका. अमेरिकेत एक मोठा वर्ग म्हणत होता की साम्यवाद म्हणजे एकसंध कातळ, त्याला तडा जाणं शक्य नाही, हे सगळं नाटक आपल्याला गाफील ठेवण्यासाठी आहे. डिसेंबर १९६१ मध्ये पळून आलेला केजीबीचा अधिकारी अनातोली गोलित्सिन हेच सांगत राहिला, आणि सीआयएच्या प्रतिहेरखात्याचे प्रमुख जेम्स अँगलटन यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला. पण त्याच सीआयएतले दुसरे विश्लेषक साधे पेपर वाचून नेमका उलटा, म्हणजे बरोबर, निष्कर्ष काढत होते. एकाच इमारतीत. छापील कागदापेक्षा कानात सांगितलेलं खरं वाटणं हा रोग काही फक्त आपल्या गल्लीत नाही.

आता १९६२. या वर्षाबद्दल आपल्याकडे दोन सोप्या आवृत्त्या आहेत : रशियानं आपल्याला दगा दिला, किंवा रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला. 'प्रावदा'चे दोन अंक समोर ठेवले की दोन्ही गडबडतात. २५ ऑक्टोबरच्या अग्रलेखानं चीनची बाजू उचलली, मॅकमहोन रेषेला साम्राज्यवादाचा वारसा ठरवलं आणि चीनच्या प्रस्तावांना पाठिंबा दिला. दिल्लीत ते वाचून लोक हादरले. ५ नोव्हेंबरचा अग्रलेख मात्र पुन्हा तटस्थ : युद्ध थांबवा, बोला. अकरा दिवसांत काय बदललं? क्यूबा. २५ तारखेला क्रुश्चेव्ह अणुयुद्धाच्या कड्यावर उभा होता आणि त्याला चीनची गरज होती. २८ ला त्यानं क्यूबातून क्षेपणास्त्रं मागे घ्यायचं मान्य केलं, चीननं त्याला भित्रा ठरवलं, गरज संपली. आपल्या तवांगचा आणि हवानाचा असा संबंध होता, आणि तो त्या दोन तारखांवरून दिसतो.

आणि इथून ही गोष्ट मराठी घरात शिरते. कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेनं १ नोव्हेंबर १९६२ ला चिनी आक्रमणाचा निषेध केला. पक्षाचे अध्यक्ष होते श्रीपाद अमृत डांगे. नाशिक जिल्ह्यात जन्मलेले, मुंबईच्या गिरणी कामगारांचे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले डांगे. पक्षातल्या दुसऱ्या बाजूला बी. टी. रणदिवे, तेही मराठी, तेही मुंबईचे. त्या नोव्हेंबरात दुसऱ्या बाजूच्या शेकडो कार्यकर्त्यांना भारत संरक्षण नियमांखाली तुरुंगात टाकलं गेलं. ९ मार्च १९६३ ला पेकिंगच्या 'पीपल्स डेली'नं एक अख्खा अग्रलेख डांग्यांवर लिहिला. सुधारणावाद्यांना दाखवायचा आरसा, असं त्याचं शीर्षक. डांगे नेहरूंचे हस्तक झाले, वर्ग विसरले, असा आशय. विचार करा : नाशिककडचा एक माणूस, आणि जगातल्या सर्वांत जास्त लोकसंख्येच्या देशाचं मुख्य दैनिक त्याच्या नावानं अग्रलेख लिहितंय. पण इथंही लेक-सून होतीच. आरसा डांग्यांसाठी नव्हता, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या क्रुश्चेव्हसाठी होता.

त्याच वर्षी जुलैत पडदा पूर्ण उडाला. चीनचं शिष्टमंडळ मॉस्कोत बोलणी करत असतानाच, १४ जुलै १९६३ ला 'प्रावदा'नं सोव्हिएत पक्षाचं जाहीर पत्र आणि चिन्यांचं १४ जूनचं पत्र दोन्ही छापून टाकलं. आता लग्नपत्रिका वाचायची गरज उरली नाही, दोन्ही घरं चव्हाट्यावर येऊन भांडत होती. त्या चिनी शिष्टमंडळाचा प्रमुख होता डेंग झिआओपिंग. नाव लक्षात ठेवा.

आपल्याकडचं फुटणं एका इंग्रजी साप्ताहिकानं घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण ठिणगी तिथली होती. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या 'करंट'मध्ये काही पत्रं छापून आली. संपादक डी. एफ. कराका, पक्के कम्युनिस्टविरोधी. १९२४ मध्ये कानपूर कटाच्या खटल्यात तुरुंगात असताना डांग्यांनी ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ करणारी पत्रं लिहिली होती, असा दावा होता. डांग्यांनी ती बनावट ठरवली. विरोधकांनी चौकशी मागितली. ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य उठून गेले. त्यांचं अधिवेशन ऑक्टोबर-नोव्हेंबरात कलकत्त्यात भरलं, डांग्यांचं डिसेंबरात मुंबईत. ज्या पेपराला पक्षाच्या कचेरीत कोणी हात लावला नसता, त्यातलं कात्रण दोन्ही बाजूंच्या खिशात होतं.

परदेशी वार्ताहरांनी या दोन पक्षांना चटकन बिल्ले लावून टाकले : एक मॉस्कोवादी, एक पेकिंगवादी. मथळ्यात बसायला सोपे. आपल्या मराठी पेपरांनीही तेच उचलले आणि ते इतके चिकटले की आजही कोणी तसंच बोलतं. पण हा बिल्ला अर्धाच खरा होता. दोन पक्ष वेगळे व्हायला चीनपेक्षा काँग्रेसशी कसं वागायचं हा प्रश्न मोठा होता. आणि ५ जुलै १९६७ ला, नक्षलबारीनंतर, 'पीपल्स डेली'नं नक्षलबारीचं वसंतातला मेघगर्जनेसारखं स्वागत केलं तेव्हा या तथाकथित पेकिंगवादी पक्षालाही सुधारणावाद्यांच्या रांगेत बसवलं. आणखी एक गोष्ट मथळ्यांत कधी आली नाही. पक्ष १९६४ मध्ये फुटला, पण आयटक ही कामगार संघटना फुटायला १९७० उजाडलं. तेव्हा सिटू निघाली आणि रणदिवे तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे सहा वर्षं एकाच युनियनच्या बैठकीत सकाळी मागण्यांचं पत्र एकत्र लिहायचं आणि संध्याकाळी वेगवेगळ्या सभांत एकमेकांना गद्दार म्हणायचं, असं लोकांनी केलं. शेजारी राहणाऱ्या घरांतली येणीजाणी थांबली, मुलांची ठरत आलेली लग्नं मोडली. असल्या गोष्टी मी लहानपणी पाहुण्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्या कुठल्याही वार्ताहरानं लिहिल्या नाहीत.

आमच्या घरी 'सोव्हिएत लँड' यायचा. त्याचा गुळगुळीत कागद वह्यांच्या कव्हरला उत्तम, त्यामुळे वाचायच्या आधीच आई तो बाजूला काढायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर हसऱ्या ट्रॅक्टरवाल्या बाईचं चित्र होतं, एवढं आठवतं.

पुढचं थोडक्यात. १९६४ मध्ये क्रुश्चेव्ह गेला, भांडण राहिलं. २ मार्च १९६९ ला उसुरी नदीतल्या एका छोट्या बेटावर रशियन आणि चिनी सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा नाटक आहे म्हणणारेही बहुतेक गप्प झाले. भिलईत १९७२ मध्ये मैत्री बाग उघडली. मैत्री कोणाशी, ते सांगायला नको.

आणि शेवट मात्र पेपरवाल्यांच्या हातून अजब रीतीनं निसटला. मे १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह पेकिंगला गेले. तीस वर्षांचं भांडण मिटणार म्हणून जगभरचे पत्रकार, टीव्हीवाले, उपग्रह यंत्रणा घेऊन तिथं जमले होते. १६ मे ला त्यांनी ज्यांच्याशी हस्तांदोलन केलं ते डेंग झिआओपिंग होते, १९६३ च्या मॉस्कोतलेच. पण तिआनमेन चौकात विद्यार्थी उपोषणाला बसले होते. स्वागत समारंभ चौकातून विमानतळावर हलवावा लागला, आणि सगळे कॅमेरे हस्तांदोलन सोडून चौकाकडे वळले.